सतरा-सीचा कागद आणि व्हॉट्सॲपचा बाण

फर्दापूरचा मतदार कोणता खासदार निवडतो? तालुक्याबाहेरच्या माणसाला विचारलं, तर गाव छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहे म्हणजे खासदारही संभाजीनगरचाच, असं उत्तर येतं. ते चूक आहे. फर्दापूर सोयगाव तालुक्यात, सोयगाव तालुका सिल्लोड विधानसभा मतदारसंघात आणि सिल्लोड जालना लोकसभा मतदारसंघात. जिल्ह्याचं ठिकाण शंभरेक किलोमीटर लांब, त्या मानाने खानदेशातलं जळगाव जवळ. कामाला सोयगाव-सिल्लोड, बाजाराला खानदेश आणि लोकसभेच्या मताला जालना, असा इथला त्रिकोण आहे.

अजिंठ्याची लेणी पाहायला येणाऱ्यांच्या गाड्या थांबतात तो टी पॉइंट गावालगतच आहे. तिथून पुढचे चार किलोमीटर एसटीच्या बसने जावं लागतं. थांब्याभोवती चहाच्या टपऱ्या, स्फटिक आणि गारगोट्या विकणारी दुकानं, गाईड, गाडीवाले. पर्यटक येईपर्यंत हातात फोन. एकेका फोनवर गावाचा ग्रुप, समाजाचा ग्रुप, दुकानदारांचा, शाळेतल्या पालकांचा आणि कापूस-मक्याच्या भावांचा. निवडणूक लागली की भावांच्या ग्रुपवरही पक्षांच्या पोस्ट पडायला लागतात. त्यातल्या काही संभाजीनगरच्या असतात, काही रावेरच्या, काही थेट उत्तर प्रदेशातल्या.

त्यामुळे इथली पहिली चाळणी अगदी साधी ठरते. हा मजकूर आपल्या मतदारसंघाचा आहे का? संभाजीनगरच्या उमेदवाराबद्दलचा सनसनाटी व्हिडिओ खरा असो वा खोटा, फर्दापूरच्या मतदानयंत्रावर त्या उमेदवाराचं नावच नसतं. तरीही तो व्हिडिओ इथे येतो, पाहिला जातो आणि पुढे जातो, कारण तो उमेदवाराबद्दल कमी आणि ‘आपल्या’ व ‘त्यांच्या’ माणसांबद्दल जास्त असतो.

२०२४मध्ये या गावाने सहा-सात महिन्यांत दोनदा मतदान केलं. १३ मे रोजी लोकसभेला. जालन्यातून पाच वेळा निवडून आलेले रावसाहेब दानवे काँग्रेसच्या कल्याण काळे यांच्याकडून एक लाख नऊ हजारांहून अधिक मतांनी हरले. मग २० नोव्हेंबरला विधानसभेला; सिल्लोडमध्ये शिवसेनेचे अब्दुल सत्तार शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाच्या सुरेश बनकर यांच्यापुढे निघाले ते फक्त २,४२० मतांनी. दोघांना मिळून पावणेतीन लाखांच्या आसपास मतं पडली होती. लढत इतकी अटीतटीची असली की गावागावातली चार-चार मतंही मोलाची होतात. मतदानाच्या आदल्या रात्री फिरणारा एखादा संदेश तेवढी मतं नक्कीच हलवू शकतो.

दोन बाण आले कुठून

व्हॉट्सॲपवर एखाद्या संदेशाच्या डोक्यावर दोन बाण दिसतात. तो संदेश मूळ पाठवणाऱ्यापासून किमान पाच हात फिरून आला आहे, असा त्याचा अर्थ. या खुणेमागचा इतिहास महाराष्ट्राला नको तितका जवळचा आहे. जून २०१८मध्ये याच जिल्ह्यातल्या वैजापूर तालुक्यात, चांडगावजवळ, दरोडेखोर असल्याच्या संशयावरून जमावाने दोघांना ठार मारलं. गावोगाव टोळ्या फिरत असल्याच्या अफवा तेव्हा फोनवरून पसरत होत्या. १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून भिक्षुकीसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांचा जीव घेतला गेला. ते मंगळवेढ्याकडचे होते. त्यानंतर केंद्र सरकारने कंपनीला जाब विचारला. कंपनीने संदेशावर ‘फॉरवर्डेड’ची खूण आणली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. २०२०मध्ये, खूप फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, असं बंधन आलं.

प्रचार करणाऱ्यांनी यातून वाट काढायला वेळ लावला नाही. व्हिडिओ गॅलरीत उतरवून नव्याने पाठवला की बाण गायब होतात. मजकुराचा स्क्रीनशॉट घेतला की तो जणू आत्ताच लिहिल्यासारखा दिसतो. म्हणून बाण दिसले तर सावध व्हावं हे खरं, पण बाण नाहीत म्हणून निर्धास्त होण्याचं कारण नाही. ‘आलं तसं पाठवलं’ अशी ओळ जोडून आलेला मजकूर तर जबाबदारी झटकूनच निघालेला असतो.

बनावट ग्राफिकचं तंत्र याहून सोपं. मराठी वृत्तवाहिन्यांच्या नावाने तयार केलेली प्लेट, त्यावर नेत्याचा फोटो आणि तो कधी बोललाच नाही असं वाक्य. आपल्या नावाने अशा प्लेट फिरत असल्याचे खुलासे वाहिन्यांना आणि दैनिकांना निवडणुकीच्या काळात वारंवार करावे लागले आहेत. वृत्तपत्राचं कात्रण असेल, तर त्या तारखेचा ई-पेपर उघडून पाहता येतो. मोठ्या नेत्याचं खळबळजनक वाक्य एकाच वाहिनीच्या प्लेटवर आहे आणि बाकी कोणाकडेच नाही, हाही मोठा पुरावा असतो. राजकीय बातमीत इतका संयम मराठी वाहिन्या एरवी पाळत नाहीत.

खऱ्याला जोडलेलं खोटं

निखळ थाप फार काळ टिकत नाही. टिकतं ते खऱ्याचा तुकडा पोटात घेतलेलं.

२०२४च्या लोकसभेत महाराष्ट्रभर गाजलेला ‘संविधान बदलणार’ हा मुद्दा पाहावा. त्याच्या मुळाशी एक खरं विधान होतं. कर्नाटकातले भाजपचे तेव्हाचे खासदार अनंतकुमार हेगडे मार्च २०२४मध्ये जाहीरपणे म्हणाले, की घटनेत बदल करायचे तर पक्षाला चारशेहून अधिक जागा हव्यात. पक्षाने ते त्यांचं वैयक्तिक मत ठरवून हात झटकले आणि त्यांना उमेदवारीही दिली नाही. पण ‘चारसो पार’ची घोषणा आणि हेगडेंचं विधान एकत्र आलं, आणि गावोगावच्या वस्त्यांमध्ये ‘आरक्षण जाणार’ असा त्याचा अर्थ पोहोचला. विरोधकांनी तो प्रचाराचा मुद्दा केला. निकालानंतर भाजपचे नेते त्याला ‘फेक नरेटिव्ह’ म्हणू लागले. हेगडे बोलले हे तपासता येतं. सरकार पुढे काय करील हा अंदाज, भीती किंवा राजकीय युक्तिवाद असतो; त्यावर खरं-खोट्याचा शिक्का मारता येत नाही.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमित शहा यांचा एक व्हिडिओ फिरला. त्यात ते अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसींचं आरक्षण रद्द करण्याची घोषणा करताना ऐकू येत होते. मूळ भाषण तेलंगणातलं, २०२३चं होतं, आणि ते तिथल्या मुस्लिम आरक्षणाबद्दल होतं. मधले शब्द कापून वाक्य जुळवलं होतं. दिल्ली पोलिसांनी गुन्हा नोंदवला. मुंबईत महाराष्ट्र युवक काँग्रेसच्या समाजमाध्यम खात्यासह इतरांवर गुन्हा दाखल झाला. हेगडेंच्या खऱ्या विधानाने जमीन आधीच भुसभुशीत केली होती, म्हणून कापलेला व्हिडिओ लोकांना पटला.

विधानसभेला वारं फिरलं. ‘बटेंगे तो कटेंगे’, ‘एक हैं तो सेफ हैं’, ‘व्होट जिहाद’ ही वाक्यं यंत्रासारखी फिरू लागली. या घोषणांमध्ये तपासण्याजोगा दावा फारसा नसतोच. ‘अमुक केंद्रावर अमुक लोकांनी इतकं मतदान केलं’ असा आकडा आला तर तपासता येतो. घोषणा मात्र कोणाची भीती दाखवते आहे आणि त्या भीतीचा लाभ कोणाला, एवढंच विचारता येतं. हिंदू, मुस्लिम, बौद्ध, मराठा, ओबीसी अशी मिश्र वस्ती असलेल्या भागात हा प्रश्न विचारायला कोणी सहज धजत नाही. ज्याने संदेश पाठवला तो बहुतेक वेळा आपलाच मावसभाऊ किंवा दुकानाशेजारचा असतो.

आवाज ओळखीचा, बोलणं परकं

एप्रिल २०२४मध्ये आमिर खान एका पक्षाचा प्रचार करतोय असा व्हिडिओ आला. तो त्याच्या जुन्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या जाहिरातीवर नवा, कृत्रिम आवाज चढवून बनवला होता. मुंबईत खार पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. चित्र खरं आणि आवाज बनावट, ही जोडणी आता सर्वांत स्वस्त पडते. ओठांची हालचाल आणि शब्द यांचा मेळ बसतो का, हे पाहून निदान शंका तरी येते.

नुसत्या आवाजात तोही आधार नसतो. १९ नोव्हेंबर २०२४ला, म्हणजे विधानसभा मतदानाच्या आदल्या दिवशी, बिटकॉइनच्या पैशांवरून सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांच्या नावाच्या ध्वनिफिती बाहेर आल्या. एका माजी पोलीस अधिकाऱ्याने आरोप केले होते. भाजपने फिती आपल्या खात्यांवरून प्रसारित केल्या. सुळे यांनी त्या बनावट असल्याचं सांगत सायबर पोलीस आणि निवडणूक आयोगाकडे तक्रार केली. ‘बूम’ या तथ्यतपासणी संस्थेने फिती तपासून त्यातल्या बहुतेक कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या असल्याचा निष्कर्ष काढला. दुसऱ्या दिवशी बारामतीत मतदानाच्या वेळी अजित पवारांना विचारलं तेव्हा, आपण दोघांनाही ओळखतो आणि हे त्यांचेच आवाज आहेत, असं ते म्हणाले.

सुळे यांच्या सख्ख्या चुलत भावाचा कान जिथे ठाम होता, तिथे टपरीवर दोन मिनिटं ऐकणाऱ्याचा निभाव कसा लागणार? आवाज हुबेहूब असणं हा आता पुरावा राहिलेला नाही. पाहण्यासारखी गोष्ट वेळ आहे. जाहीर प्रचार मतदान संपण्याच्या ४८ तास आधी थांबतो, लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६मुळे. सभा, भोंगे बंद होतात. फोन बंद होत नाही. खुलासा पोहोचायला दिवस लागतो, फित पोहोचायला मिनिटं. त्यामुळे शेवटच्या दोन दिवसांत आलेला प्रत्येक ‘धमाका’ निकालानंतरपर्यंत बाजूला ठेवावा, असा नियम कोणी स्वतःपुरता केला, तरी त्याचं फार नुकसान होत नाही. खरी गोष्ट आठवड्यानेही खरीच असते.

पाच लाख मतं आली कुठून?

निकालानंतरच्या अफवांची जात वेगळी. त्यात शिव्या नसतात, आकडे असतात.

नोव्हेंबर २०२४च्या निकालानंतर एक गणित गाजलं. राज्यात मतदान झालं ६,४०,८८,१९५ आणि मोजली गेली ६,४५,९२,५०८ मतं. मग वरची पाच लाख चार हजार मतं कुठली? दोन्ही आकडे आयोगाचेच होते, म्हणून शंका भारदस्त वाटली. उत्तर असं, की पहिला आकडा केवळ यंत्रावरच्या मतदानाचा होता. टपाली मतं ५,३८,२२५ होती आणि ती त्यात धरलेलीच नव्हती. सैनिक, निवडणूक कर्मचारी, ८५ वर्षांवरचे आणि दिव्यांग मतदार टपाली मत देतात. ज्याच्या घरातला माणूस निवडणूक ड्युटीवर गेला आहे, त्याला हे ठाऊक असतं.

दुसरी शंका टक्क्यांची. संध्याकाळी पाचला ५८.२२ टक्के आणि अंतिम आकडा ६६.०५, मग रात्रीत मतं वाढली कशी? दिवसभरातले आकडे अंदाजाचे असतात, ते केंद्रांवरून दर दोन तासांनी फोन-ॲपवर कळवले जातात. सहा वाजता जे रांगेत उभे असतात त्यांना शेवटच्या माणसापासून सुरुवात करून चिठ्ठ्या देतात आणि त्या सगळ्यांचं मतदान होईपर्यंत केंद्र चालू राहतं. या मतदानावर आक्षेप घेणारी याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२५मध्ये फेटाळली.

पक्का आकडा निघतो तो नमुना १७-सी नावाच्या कागदावर. मतदान संपलं की केंद्राध्यक्ष यंत्रात एकूण किती मतं नोंदली गेली, यंत्राचा क्रमांक आणि सीलचे क्रमांक कोणते, हे लिहून उपस्थित मतदान प्रतिनिधींना प्रत देतो. केंद्राध्यक्ष अनेकदा जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी असतात. प्रतिनिधी गावातलाच पक्षाचा कार्यकर्ता. मोजणीच्या दिवशी टेबलावर यंत्र आलं की क्रमांक आणि आकडा याच कागदाशी ताडून पाहतात. शिवाय प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या सोडतीने निवडून मोजल्या जातात. राज्यात २८८ मतदारसंघांत मिळून अशा १,४४० यंत्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या आणि तफावत आढळली नाही, असं आयोगाने सांगितलं.

‘आमच्या गावात पडली त्याहून जास्त मतं निघाली’ हा संदेश आला, तर त्याला उत्तर देऊ शकणारा कागद गावातच एखाद्या कार्यकर्त्याच्या कपाटात असतो. कोणत्याही तपासणी ॲपपेक्षा तो जास्त कामाचा आहे. पण त्याची आठवण कोणाला नसते, कारण मतदान संपल्यावर प्रतिनिधींनाही घरी जायची घाई झालेली असते.

शहाणेही घसरतात

अफवा अडाणी माणसं पसरवतात हा शहरी समज आहे. लोकसभेनंतर मुंबई वायव्यमध्ये रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले, आणि एका इंग्रजी दैनिकाने मतदानयंत्र मोबाइलवरच्या ओटीपीने उघडल्याची बातमी छापली. राष्ट्रीय नेत्यांनी ती उचलली. यंत्राला ओटीपी लागत नाही, ते कशालाही जोडलेलं नसतं, असं निवडणूक निर्णय अधिकारी वंदना सूर्यवंशी यांनी पत्रकार परिषद घेऊन सांगितलं. दैनिकाने चूक कबूल केली. फोनच्या वापराचा गुन्हा खरा होता, पण तो मोजणी केंद्रात फोन नेण्याबद्दलचा होता.

ऑगस्ट २०२५मध्ये निवडणूक अभ्यासक संजय कुमार यांनी लिहिलं, की लोकसभा ते विधानसभा या काळात रामटेकमधले मतदार ३८ टक्क्यांनी आणि देवळालीतले ३६ टक्क्यांनी घटले. आकडे चुकीच्या ओळीतले होते. त्यांनी दोन दिवसांत मजकूर काढून माफी मागितली. तोवर दोन्ही राजकीय बाजूंनी त्याचा आपापल्या परीने वापर करून झाला होता. नागपूर आणि नाशिकमध्ये गुन्हे नोंदवले गेले. सर्वोच्च न्यायालयाने त्या कारवाईला स्थगिती दिली.

शंका घेणं म्हणजे अफवा नव्हे

इथे उलटा धोकाही आहे. सत्तेला न आवडणारी प्रत्येक तक्रार ‘फेक’ म्हणून उडवता येते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात विधानसभेआधी हजारो बोगस ऑनलाइन नोंदणी अर्ज आल्याचं प्रशासनालाच आढळलं. ते नाकारले गेले आणि ऑक्टोबर २०२४मध्ये गुन्हाही नोंदवला गेला. पुढे राहुल गांधींनी ‘व्होट चोरी’च्या आरोपांत राजुऱ्याचं नाव घेतलं, तेव्हा अर्ज आले हे खरं होतं, ती नावं यादीत गेली का, हा वादाचा भाग होता. दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवल्या तरच चर्चा होऊ शकते. माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीच्या लोकांनी डिसेंबर २०२४मध्ये मतपत्रिकेवर स्वतःच फेरमतदान घ्यायचं ठरवलं, प्रशासनाने जमावबंदी लावून ते रोखलं. त्यांचा यंत्रावरचा आक्षेप खरा ठरला नसता कदाचित, पण तो उघडपणे, स्वतःच्या नावाने घेतलेला होता.

खरं काय हे सरकारने ठरवावं का, याचाही निवाडा मुंबईतच झाला. केंद्र सरकारबद्दलचा मजकूर खोटा ठरवण्याचा अधिकार सरकारी तथ्यतपासणी कक्षाला देणारा नियम कुणाल कामरा आणि इतरांनी आव्हान दिल्यावर मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४मध्ये रद्द केला.

मग गट आणि गण

२०२५ सरत होतं तेव्हा जिल्हा परिषदेची मागची निवडणूक २०१७ची होती. २०२२पासून प्रशासक कारभार पाहत होता. सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक निवडणुका ३१ जानेवारी २०२६पर्यंत उरकायला सांगितल्या होत्या. सप्टेंबर २०२५मधल्या अतिवृष्टीने मराठवाड्यात पिकांची दैना केली होती. पंचनामे आणि मदतीच्या याद्या हाच तेव्हा पारावरचा विषय होता. प्रचाराचं पहिलं खोटं याच याद्यांवरून येण्याची शक्यता जास्त होती.

या निवडणुकीत काय फिरेल, याचा अंदाज तेव्हाच बांधता येत होता. ‘व्हीव्हीपॅट काढून टाकली’: ती या निवडणुकांत वापरणार नसल्याचं राज्य निवडणूक आयोगाने ऑगस्ट २०२५मध्येच जाहीर केलं होतं. त्यावर टीका करता येते, पण ती रातोरात केलेली लबाडी नव्हे. ‘नावं उडवली’: १ जुलै २०२५ची विधानसभेची यादी धरली जाणार होती, त्यामुळे नंतर नोंदलेल्या तरुणांची नावं त्यात नसणार होती. ‘दोनदा बटण दाबलं, बोगस मतदान’: ग्रामीण मतदाराला जिल्हा परिषदेचा गट आणि पंचायत समितीचा गण अशी दोन मतं असतातच. या तिन्हींची उत्तरं एखाद्या गुरुजींनी मतदानाआधी ग्रुपवर टाकली, तर पुष्कळ भांडणं वाचतात. ग्रुपच्या ॲडमिनने धास्तावण्याचंही कारण नाही: सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन असल्यावरून कोणी दोषी ठरत नाही, असं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१मध्ये स्पष्ट केलं आहे. उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल निवडणुकीत खोटं विधान छापणाऱ्याला मात्र भारतीय न्याय संहितेचं कलम १७५ लागू होतं.

मराठीतून तथ्यतपासणी करणाऱ्या ‘फॅक्ट क्रेसेंडो’ आणि ‘न्यूजचेकर’सारख्या संस्था राज्यभर गाजलेले दावे हाताळतात. एका गणातल्या उमेदवाराच्या नावाची बनावट फित त्यांच्यापर्यंत बहुधा पोहोचणारही नाही. आवाज बनवण्याचं साधन मात्र आता कोणत्याही फोनवर मिळतं. एक सोय तेवढी अशा निवडणुकीत असते: ज्याच्या नावाने आवाज फिरतो आहे, तो पुढच्या गल्लीत किंवा शेजारच्या गावात राहतो. फित पुढे पाठवण्याआधी त्याच्या दारात जाऊन ‘भाऊ, हे तुम्ही बोललात का?’ असं विचारता येतं. १९ नोव्हेंबर २०२४च्या रात्री ती सोय फर्दापुरात कोणालाच नव्हती.